वाचक विचारतात : कमी ऊर्जेवर चालणारं शहर आज आखायचं कसं?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की शहराला किती ऊर्जा लागणार, हे विजेच्या बिलात दिसायच्या कितीतरी वर्षं आधी विकास आराखड्याच्या नकाशावर ठरून गेलेलं असतं. त्यावर बरीच पत्रं आली. माझी सगळी नोकरी नगररचना खात्यात गेली, आधी मराठवाड्यात आणि पुढे पुण्यात. त्यामुळे उत्तरांत पाणी, रस्ते आणि जमीन हेच विषय पुन्हा पुन्हा येतील. निवडक पत्रं घेते.

ताई, आमच्याकडे पथदिवे एलईडी झाले, काही सरकारी इमारतींवर सौर पॅनल बसले. एवढं केलं की शहर ‘तयार’ झालं, असं अधिकारी सांगतात. तीस-चाळीस वर्षांनी वीज आणि इंधन आजच्यासारखं हाताशी नसलं तर आमचं शहर खरंच तगेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

दिवे बदलले ते चांगलंच झालं. पण दिव्याचं आयुष्य दहा वर्षांचं. बस बारा-पंधरा वर्षं चालते, इमारत साठ-सत्तर वर्षं उभी राहते, आणि एकदा पडलेला रस्ता किंवा टाकलेली मुख्य जलवाहिनी शंभर वर्षांनीही बहुधा तिथेच असते. दिवा चुकला तर पुढच्या निविदेत सुधारता येतो. जलवाहिनीची दिशा चुकली तर नातवंडं त्याचं बिल भरतात. म्हणून दूरचं नियोजन करताना सगळ्यात जास्त टिकणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. सोपं आणि फोटो काढण्याजोगं आधी होतं.

तुमच्या शहरात हे समजून घेण्यासाठी पुस्तक उघडायचीही गरज नाही. पाणचक्कीला जा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींमधून शहरात आणलं. पुढच्या काळात तशाच आणखी नहरी झाल्या. पाणी फक्त उताराने यायचं आणि पाणचक्कीत त्याच पाण्याच्या जोरावर धान्यही दळलं जायचं. म्हणजे शहराला पाणी आणायला ऊर्जा लागत नव्हती, उलट पाण्यातूनच थोडी ऊर्जा मिळत होती.

आता आजचं बघू. तुमचं पाणी पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणातून येतं. धरण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर असते. शहर त्याहून शंभरेक मीटर उंच, आणि अंतर चाळीस किलोमीटरच्या वर. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. पंपाची कार्यक्षमता आणि नळातलं घर्षण धरलं तर अर्ध्या युनिटच्या आसपास पकडा. दिवसाला दहा कोटी लिटर उपसायचे तर रोज पन्नास हजार युनिट झाले, आणि ते पाणी शुद्ध करून घरापर्यंत पोचवायच्या आधी. हा भार पुढची शंभर वर्षं रोज उचलायचा आहे. ज्या दिवशी उपसा केंद्राची वीज जाते त्या दिवशी काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

याचा अर्थ जायकवाडीचं पाणी नको असा नाही. एवढी लोकसंख्या जुन्या नहरींवर जगणार नाही आणि तसं सांगणं म्हणजे लोकांची फसवणूक. पण एवढ्या कष्टाने वर चढवलेल्या प्रत्येक लिटरची किंमत आराखड्यात दिसायला हवी. गळकी वाहिनी बदलणं म्हणजे वीजबचतच, कारण वाटेत गळालेलं पाणीही शंभर मीटर चढून आलेलं असतं. सांडपाणी शहराबाहेर एकाच मोठ्या केंद्रात नेण्याऐवजी भागाभागात शुद्ध करून तिथल्याच बागांना आणि बांधकामांना दिलं तर तेवढं पाणी पैठणहून आणावं लागत नाही. नागपूरने आपलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला द्यायला सुरुवात केली, त्यातून तेवढं धरणाचं पाणी मोकळं झालं. आणि नहरींच्या वाटांवर, जुन्या विहिरी-बारवांवर, ओढ्यांच्या पात्रांवर बांधकामाला परवानगी देणं आधी थांबवा. त्या शहराच्या एकमेव बिनविजेच्या जलवाहिन्या आहेत. सगळ्या गावाची तहान त्या भागवणार नाहीत, पण उपसा बंद पडला तर चार दिवस तग धरायला उपयोगी पडतील. पुण्यात पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजच्या तलावातून उताराने शहरात पाणी आणलं. त्या नळाचे उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडणारे बांधीव मनोरे, अजून काही पेठांत दिसतात. काहींच्या कडेने गाड्या लावलेल्या असतात. हे बघून मला अजूनही त्रास होतो.

मुंबईचंही यातच सांगते. तानसा, मोडकसागर, वैतरणा या तलावांचं पाणी बहुतांशी उताराने भांडुपपर्यंत येतं. तानसा १८९२चं. तेव्हाच्या लोकांना धरणासाठी उंचावरची जागा शोधणं भाग होतं, कारण मोठे पंप स्वस्त नव्हते. आता मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पाचा प्रस्ताव आहे, सुरुवातीला दिवसाला २० कोटी लिटरचा. समुद्राचं पाणी गोडं करायला दर हजार लिटरला साधारण तीन ते चार युनिट लागतात. म्हणजे रोजचे सहा ते आठ लाख युनिट. पाऊस ओढ देतो, तलाव तळ गाठतात, ही चिंता खोटी नाही. पण असा निर्णय घेताना ‘पन्नास वर्षांनी ही वीज कुठून येईल’ हा प्रश्न पाणीपुरवठा आणि वीज या दोन्ही खात्यांनी एका टेबलावर बसून सोडवायला हवा.

आमची चार मजली, सोळा घरांची इमारत पुनर्विकासाला जाते आहे. बिल्डर बावीस मजले, अठ्ठ्याऐंशी घरं म्हणतो. ‘ग्रीन बिल्डिंग’ आहे, गच्चीवर सोलर आहे, असं माहितीपत्रकात लिहिलंय. सेक्रेटरी म्हणून मी नेमकं काय विचारू?
— एक वाचक, डोंबिवली

आधी गच्चीचा हिशेब करा, कारण तो घरबसल्या होतो. एक किलोवॉट सौर पॅनलला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते आणि आपल्या हवामानात वर्षाच्या सरासरीने त्यातून रोज चार युनिट मिळतात. गच्ची पाच हजार चौरस फुटांची आणि टाक्या, जिना, लिफ्टची खोली सोडून निम्मी मोकळी, असं धरू. पंचवीस किलोवॉट बसले, रोज शंभर युनिट आले. आज सोळा घरांत वाटले तर घरटी सहा. उद्या गच्ची तेवढीच आणि घरं अठ्ठ्याऐंशी, तर घरटी एक युनिटच्या थोडं वर. म्हणजे त्या सोलरवर जिन्यातले दिवे, पंप आणि लिफ्टचा काही भाग चालेल. पॅनल जरूर बसवा, पण त्यावर इमारत ‘ग्रीन’ ठरत नाही.

पंपाचा हिशेबही लोक विचारतात. घरटी सहाशे लिटर पाणी सत्तर मीटर चढवायला पंपाचा तोटा धरून रोज पाव युनिट लागेल. आजच्या इमारतीच्या चौपट, तरी आकडा लहानच. त्याशेजारी एक एसी ठेवा. दीड टनाचा चांगला एसी रात्रभर चालला की सात-आठ युनिट सहज जातात. म्हणून तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पंपाबद्दल नसून खिडकीबद्दल असायला हवा. नकाशावर प्रत्येक घराला दोन बाजूंनी वारा मिळतो का? पश्चिमेच्या भिंतीवर मोठी काच आहे का? खिडक्यांवर छज्जे आहेत, की दर्शनी बाजू सपाट दिसावी म्हणून काढून टाकलेत? डोंबिवलीत वारा पश्चिमेकडून, खाडीच्या बाजूने येतो आणि दुपारचं ऊनही तिकडूनच. तिथे वाऱ्याला वाट देणारी आणि उन्हाला अडवणारी खिडकी काढणं हेच आर्किटेक्टचं खरं काम. घरांसाठी ऊर्जेचे निकष घालून देणारी इको निवास संहिता केंद्राने २०१८मध्ये आणली. बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत येते याचा हिशेब तिच्यात करावा लागतो. तो हिशेब लेखी मागा. जो आर्किटेक्ट तो आनंदाने देईल त्याच्यावर विश्वास ठेवा.

टँकरचंही विचारा. नवी इमारत पूर्ण झाल्यावर महापालिकेचं पाणी किती मिळणार आणि उरलेलं कुठून आणणार? दहा हजार लिटरचा टँकर बारा किलोमीटरवरून आला तर जाऊन-येऊन सहाएक लिटर डिझेल जाळतो. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट उष्णता असते. म्हणजे एका खेपेला साठ युनिट. तेच पाणी दहा मजले चढवायला दीड-दोन युनिट पुरतात. कमी ऊर्जेच्या काळात टँकरवरची सोसायटी सगळ्यात आधी अडचणीत येणार. पावसाचं पाणी साठवायची टाकी आणि आंघोळी-धुण्याचं पाणी पुन्हा फ्लशला वापरायची वेगळी नळजोडणी या दोन गोष्टी बांधतानाच होतात, नंतर भिंती फोडून कोणी करत नाही.

आणि एक गोष्ट आकड्यांपलीकडची. वीज तीन तास गेली तर चार मजल्यांवर सत्तरीची बाई थांबत-थांबत का होईना, चढून जाते. अठराव्या मजल्यावर ती अडकते. उंच इमारत ही विजेवर अखंड अवलंबून असते, आणि दूरचा विचार करताना एकूण वापराइतकाच हा अवलंबून राहण्याचा प्रश्न मला मोठा वाटतो. दाट वस्तीला माझा विरोध नाही. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर लोक राहावेत हे उत्तमच, त्यात रोजचं पेट्रोल वाचतं. पण सात-आठ मजल्यांच्या, एकमेकींना खेटून न उभ्या राहणाऱ्या इमारतींतही पुष्कळ दाटी बसते. तुमच्या प्लॉटवर ते जमतं का, हे बिल्डरला निदान एकदा मांडून दाखवायला लावा.

मी तीन वर्षं कोपनहेगनमध्ये आहे. इथली सायकल, इथली सामूहिक उष्णता-व्यवस्था बघून वाटतं, आपली शहरं इथवर कधी पोचणार? की हे श्रीमंत देशांचंच काम?
— एक वाचक, कोपनहेगन

१९७३च्या तेलसंकटाच्या वेळी डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात तेलावर होती. रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी घालावी लागली होती. त्या धक्क्यातून त्यांनी १९७९मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा केला, घराघरातले तेलाचे बंब जाऊन वीज केंद्रांची वाया जाणारी उष्णता नळांतून घरोघर पोचली आणि आज तुमच्या शहरातली जवळजवळ सगळी घरं तिच्यावर तापतात. म्हणजे हे श्रीमंतीतून आलं नाही, भीतीतून आलं. मात्र भीती ओसरल्यावरही त्यांनी धोरण सोडलं नाही, हे मला विशेष वाटतं.

त्यांचं दुसरं शहाणपण त्याहून जुनं. १९४७च्या ‘फिंगर प्लॅन’मध्ये शहराची वाढ हाताच्या पाच बोटांसारखी रेल्वेमार्गांच्या कडेने करायची आणि बोटांमधली जमीन मोकळी ठेवायची असं ठरलं. पुढे मोठी कार्यालयं स्टेशनपासून चालण्याच्या अंतरातच, साधारण सहाशे मीटरच्या आत, हवीत असा नियमही आला. याच्याशेजारी आमचं हिंजवडी ठेवा. लाखो नोकऱ्या रेल्वेपासून दूर नेऊन बसवल्या आणि शिवाजीनगरहून तिथे जाणाऱ्या २३ किलोमीटर मेट्रोचं काम कुठे वीसेक वर्षांनी हाती घेतलं. मधल्या काळात माणसांनी वाकडच्या पुलावर जे तास आणि जे पेट्रोल घालवलं ते परत मिळणार नाही. आधी रूळ, मग कचेऱ्या, हा क्रम पाळायला पैसा लागत नाही. जमीन कुठे खुली करायची आणि कुठे नाही, हे सांगायची हिंमत लागते.

आणि हा क्रम मुंबईने एकदा पाळलेला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली, आणि शहर रुळांच्या कडेने उत्तरेकडे वाढत गेलं. गर्दीत जीव जातात, ती लाजिरवाणी गोष्ट आहेच. पण माणशी इतक्या कमी ऊर्जेत एवढ्या लोकांना कामावर पोचवणारी व्यवस्था जगात फार थोड्या शहरांकडे आहे. तिची दुरुस्ती करण्याऐवजी समुद्रकिनाऱ्याने मोटारींचे रस्ते बांधायला पैसा जातो, याला मी चुकीचा प्राधान्यक्रम म्हणते.

कोपनहेगनकडून सगळंच उचलावं असंही नाही. २०२५पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचं त्यांचं ध्येय त्यांना २०२२मध्ये सोडावं लागलं, कारण कचरा जाळणाऱ्या केंद्रातला कार्बन पकडण्याच्या यंत्रणेवर बराच भरवसा ठेवला होता आणि तिचा निधी मिळाला नाही. अजून न बसवलेल्या यंत्राच्या भरवशावर तारीख जाहीर करू नये, एवढं आपण घ्यावं. शिवाय त्यांचा प्रश्न थंडीचा, आपला उन्हाचा. अहमदाबादने २०१३मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. पुढे तिथे गरिबांच्या वस्त्यांत छपरांना पांढरा, ऊन परतवणारा रंग देण्याचं कामही झालं. पत्र्याखाली राहणाऱ्या बाईसाठी एसीपेक्षा तो रंग आणि दारातलं कडुनिंबाचं झाड आधी पोचतं. आपल्याकडचं नियोजन तिथून सुरू व्हावं.

आमचं गाव नगरपालिकेचं, चाळीस-पन्नास हजार वस्तीचं. मोठ्या शहरांच्या गप्पा आम्हाला कितपत लागू?
— एक वाचक, जिल्हा सातारा

सगळ्यात जास्त तुम्हालाच लागू आहेत, कारण तुमच्या हातून अजून गेलेलं नाही. तुमच्या गावात आजही दूध, भाजी, शाळा, दवाखाना, बँक पायी होतं. हे टिकवणं म्हणजेच तुमचा ऊर्जा आराखडा.

धोका कुठे आहे ते सांगते. एस.टी. स्टँड ‘गर्दी होते’ म्हणून गावाबाहेर बायपासवर नेतात. त्या दिवसापासून प्रत्येक प्रवाशाला रिक्षा लागते. बाजारहाटाला येणारी खेड्यातली बाई डोक्यावर पाटी घेऊन दोन किलोमीटर चालते, किंवा मिळकतीतून भाडं देते. मग तहसील, कोर्ट, ग्रामीण रुग्णालयही बायपासकडे सरकतात, कारण तिथे सरकारी जमीन मोकळी असते. दहा वर्षांत जे गाव चालत फिरता यायचं तिथे घरटी दोन मोटारसायकली लागतात. मी नोकरीत असताना अशा स्थलांतराच्या फाइलींवर प्रतिकूल शेरे लिहिले, काही वेळा ते मानले गेले, बरेचदा नाही. स्टँड गावात ठेवून त्याच्यासमोरचं अस्ताव्यस्त पार्किंग काढणं कठीण असतं, पण अशक्य नसतं.

अमेरिकेतल्या पोर्टलँड शहराने २००६मध्ये नागरिकांची एक समिती नेमून अगदी हाच प्रश्न विचारला होता : तेल महाग आणि कमी झालं तर आपल्या शहराचं काय होईल? मार्च २००७च्या अहवालात समितीने पहिलीच शिफारस केली की पंचवीस वर्षांत शहराचा तेल आणि नैसर्गिक वायूचा वापर निम्मा करावा. अन्न कुठून येतं, गरीब लोक शहराच्या कडेला फेकले जाऊन त्यांचा प्रवास वाढतो का, आणीबाणीत इंधन आधी कोणाला द्यायचं, असे प्रश्न त्यात आहेत. तुमच्या नगरपालिकेलाही अशी बारा-पंधरा जणांची समिती नेमता येईल : भाजीवाली, रिक्षावाला, शाळेचे मुख्याध्यापक, डॉक्टर, वायरमन, शेतकरी. गावातला माणूस गाव ओळखतो. सल्लागार कंपनीच्या दोनशे पानी अहवालापेक्षा त्यांची पंधरा पानं मला जास्त मोलाची वाटतील.

हे सगळं पटतं, पण सामान्य माणसाने अर्ज द्यायचा कुठे?
— एक वाचक, पुणे

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखडा निदान वीस वर्षांतून एकदा सुधारावा लागतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात आणि हरकत घेणाऱ्याला नियोजन समितीपुढे सुनावणीही मिळते. बहुतेक लोक फक्त स्वतःच्या प्लॉटवर आरक्षण पडलं तरच हरकत घेतात. ओढ्याच्या काठासाठी, टेकडीसाठी, स्टँड हलवण्याविरुद्ध, पदपथाच्या रुंदीसाठी घेतलेल्या हरकती मी फार थोड्या पाहिल्या. सर्व्हे नंबर, नकाशाचा पत्रक क्रमांक आणि नेमका बदल लिहिलेली एक पानी हरकत समितीला बाजूला सारता येत नाही, तिच्यावर निर्णय नोंदवावा लागतो. भावना व्यक्त करणारी चार पानं सहज बाजूला जातात. शक्य असेल तर त्याच भागातल्या वीस-पंचवीस जणांनी वेगवेगळ्या सह्यांनी स्वतंत्र अर्ज द्यावेत.

आराखड्याची वाट बघायची नसेल, तर पुणे महापालिका २००६-०७पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग घेते. दरवर्षी क्षेत्रीय कार्यालयात त्याचे अर्ज मिळतात. त्यात बाकं आणि नामफलकांऐवजी तुटक पदपथ सलग करण्याची, शाळेजवळचा रस्ता ओलांडायची जागा सपाट करण्याची, बसथांब्यावर सावलीचं झाड लावण्याची कामं मागा. तुमच्या प्रभागाचा नकाशा घेऊन आधी ते सगळे रस्ते एकदा पायी फिरा आणि पदपथ कुठे तुटतो तिथे खूण करत चला. ती यादी अर्जाला जोडा, आणि एक प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या आवकजावक कक्षात देऊन पोच घ्या.